चीनच्या राजाची कबर फॉरवर्ड करणाऱ्यांना

परवा रात्री आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. तुमच्यापैकी निम्म्यांनी पाहिला असेल. चीनच्या एका राजाची कबर, आत मातीचे आठ हजार सैनिक, पाऱ्याच्या नद्या, आपोआप सुटणारे बाण, आणि शेवटी 'आत जायची कुणाची हिंमत नाही' असं कापऱ्या आवाजात सांगणारा एक निवेदक. पाठीमागं ढोल. खाली अंगठे, तोंड वासलेले चेहरे. त्यात आपल्याच एका मित्रानं लिहिलं, 'आपल्याकडं असलं काय सापडतच न्हाय, न्हायतर आपणबी जगाला दाखवलं असतं.' त्यालाही सव्वीस अंगठे.

पाऱ्याच्या नद्या मी पचवल्या. हे वाक्य पचलं नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना वेळ नाही त्यांनी आत्ताच पुढं सरकावं, राग नाही.

आधी त्या व्हिडिओचं बघू. सगळंच खोटं नाही त्यात. चिन शी हुआंग हा राजा होऊन गेला. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये त्यानं आजूबाजूची राज्यं मोडून एक चीन केला आणि इसवी सनापूर्वी २१० मध्ये तो मेला. जिवंत असतानाच स्वतःच्या कबरीचं काम त्यानं काढलं होतं. सात लाख माणसं त्यावर राबवली, असं सीमा च्येन नावाचा इतिहासकार शंभरेक वर्षांनी लिहून गेला. पाऱ्याच्या नद्या आणि आपोआप सुटणारे बाण हेही त्याच्याच पुस्तकातलं. आत जाऊन कुणी बघितलेलं नाही, पण टेकाडाच्या मातीत पाऱ्याचं प्रमाण नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त आहे हे तपासणीत दिसलंय. म्हणजे म्हाताऱ्याच्या लिहिण्यात काहीतरी तथ्य असावं. आठ हजार हा सैनिकांचा अंदाज आहे, त्यातले बरेचसे अजून मातीतच आहेत.

आता 'हिंमत नाही' या गोष्टीबद्दल. मुख्य कबर चिनी लोकांनी उघडलेली नाही हे खरं. कारण भूत नाही की शाप नाही. ते मातीचे सैनिक मुळात रंगवलेले होते. लाल, हिरवे, जांभळे. दोन हजार वर्षं ओल्या मातीत राहिलेला तो रंग बाहेरची कोरडी हवा लागली की काही मिनिटांत सुटून, वळून खाली पडायचा. सुरुवातीला काढलेल्या कितीतरी पुतळ्यांचा रंग असाच गेला, म्हणून आज ते आपल्याला मातकट दिसतात. यावरून तिथले लोक शिकले. जे सांभाळता येत नाही ते उघडायचं नाही, उपाय सापडेपर्यंत थांबायचं. जगातली सगळ्यात नावाजलेली कबर हाताशी आहे, पैसा आहे, यंत्रं आहेत, आणि तरी पन्नास वर्षं टेकाडाला हात लावलेला नाही. व्हिडिओवाल्याला यात भीती दिसली. मला अक्कल दिसली.

आणि ती सापडली कशी, हे त्या व्हिडिओत कुठंच नाही. १९७४ चा मार्च महिना. पाऊस नाही. शिआन शहराजवळच्या लिंतोंग भागात काही शेतकरी विहीर खणत होते. आपल्याकडं खणतात तशीच, कुदळ-फावड्यानं. खाली मातीचं डोकं लागलं, मग हात, मग ब्राँझचे हिरवे पडलेले बाण. लोक घाबरले. कुणी म्हणालं देवाला लागलं, अपशकुन आहे. बाण भंगारात गेले, असं सांगतात. म्हणजे बघा, आपल्यासारखीच माणसं. पण बातमी तालुक्याच्या छोट्या संग्रहालयात काम करणाऱ्या झाओ कांगमिन नावाच्या माणसाच्या कानावर गेली आणि तो सायकल मारत तिथं आला. त्यानं तुकडे गोळा केले, आसपासच्या मातीतून वेचून घेतले, संग्रहालयात नेऊन दिवसचे दिवस बसून जोडले. दोन सैनिक उभे राहिले. बाकी सगळं त्याच्यानंतरचं. १९७९ चं संग्रहालय, १९८७ चा जागतिक वारसा, जगभरातले प्रवासी, सगळं.

त्या सायकलवाल्या माणसाबद्दल मला राजापेक्षा जास्त आदर वाटतो. राजा क्रूर होता, याबद्दल वादच नको. त्याच्या कबरीजवळ राबून मेलेल्या मजुरांच्या जागाही सापडल्यात. त्यांतल्या काहींबरोबर फुटक्या कौलांचे तुकडे होते आणि त्यावर ओरखडलेलं होतं: नाव, गाव, काय शिक्षा झाली म्हणून इथं आणला. सैनिकांच्या अंगावरही कुठं कुठं कुंभारांची नावं आहेत. काम वाईट निघालं तर कुणाला धरायचं, यासाठी ती लिहून घेतलेली. हेतू दुष्टच. पण त्यामुळं बावीसशे वर्षांनी एका कुंभाराचं नाव आपल्याला वाचता येतं.

आता या आपल्याकडं. 'आपल्याकडं काय सापडतच न्हाय.'

मलकापुरातून महामार्गाला लागा आणि साताऱ्याकडं निघा. पन्नासेक किलोमीटर. साताऱ्याच्या पूर्वेला पाच किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा मिळतात, तिथं संगम माहुली आणि क्षेत्र माहुली. काठावर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं विश्वेश्वराचं मोठं देऊळ आहे, समोरच्या तीरावर रामेश्वर आहे. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. आणि या देवळांच्या भोवती, घाटावर, पात्रात, सातारच्या छत्रपतींच्या घराण्याच्या समाध्या आहेत. आपल्या राजांचं स्मशान आहे ते. चिनी राजाचं एकट्याचं होतं, हे एका घराण्याचं आहे.

इथं थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे. सात वर्षांचं पोर असताना मोगलांच्या कैदेत गेले, पंचवीस वर्षांचे होऊन सुटले, आणि मग डिसेंबर १७४९ पर्यंत चार दशकं राज्य केलं. यांच्याच काळात मराठी घोडी उत्तरेत गेली. इथं महाराणी ताराबाईंची समाधी आहे. राजाराम महाराज गेल्यावर सात वर्षं औरंगजेबाशी झुंजलेली बाई, जी पानिपताच्या साली, १७६१ च्या डिसेंबरात साताऱ्यात गेली. शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधीही इथलीच. (रायगडावरच्या वाघ्यावरून आपण एकमेकांची डोकी फोडायला निघतो. खंड्याकडं कुणी बघतसुद्धा नाही. असो.)

आणि इथंच महाराणी येसूबाईंची समाधी आहे.

येसूबाईंबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण माझं म्हणणं सगळं त्यांच्यापाशीच येतं. संभाजी महाराजांना मारलं, रायगडाला वेढा पडला, तेव्हा राजारामांना बाहेर काढून स्वतः लेकरासह गडावर थांबलेली ही बाई. १६८९ साली रायगड पडला आणि त्या कैदेत गेल्या. शाहू महाराज १७०७ मध्ये सुटले, येसूबाई नाही सुटल्या. बाळाजी विश्वनाथानं दिल्लीहून त्यांना परत आणलं ते १७१९ मध्ये. तीस वर्षं! तीस वर्षं परक्याच्या छावणीत काढून ती बाई साताऱ्याला आली, आणि तिची समाधी नेमकी कुठली हे आपण विसरून गेलो. अगदी अलीकडच्या काळात साताऱ्यातल्या इतिहासप्रेमींनी आणि अभ्यासकांनी जुनी मोडी कागदपत्रं धुंडाळून, जागेवर जाऊन ताडून, ही घुमटी त्यांची हे उजेडात आणलं.

आता लक्षात घ्या. तिथं कुणी खणलं नाही. ती घुमटी जमिनीखाली गेलेली नव्हती. लोक तिच्या बाजूनं जात-येत होते, अंत्यविधीला येणारे टेकत होते. दगड जागेवर होता, त्याचं नाव तेवढं गेलं होतं. ते नाव कुठं सापडलं, तर कागदात. चीनमध्ये उलटं झालं. राजाचं नाव आणि टेकाड सगळ्यांना ठाऊक होतं, सैनिक मातीखाली होते. आपले राजे मातीवर उघडे पडलेत आणि त्यांची नावं रुमालात बांधलेल्या कागदांखाली गाडली गेलीत. आपली मातीची फौज म्हणाल तर ती पुण्याच्या दफ्तरातले, मठामंदिरांतले, इनामदारांच्या माळ्यावरचे मोडी कागद. ते वाचणारी माणसं किती राहिली, आपल्या तालुक्यातच मोजून बघा.

'समाधीखाली काय असंल?' असं विचारणारे पण आहेत. गुप्तधनाच्या नादानं रात्री कुदळी घेऊन हिंडणारे तर आपल्या डोंगरात कमी नाहीत. त्यांना एकदाच सांगतो. चिनी राजाला पुरला होता, सोबत रथ, घोडे, फौज दिली होती. आपल्याकडं अग्नी देतात. समाधीखाली राख असते, अस्थी असतात, सोनं नसतं. तुम्ही फरशी उचकटली तर तुम्हाला काही मिळणार नाही आणि आमचं होतं ते जाईल.

पण खरं सांगू का, गुप्तधनवाल्यांपेक्षा मला भीती दुसऱ्याच लोकांची वाटते. भक्तिभावानं येणाऱ्यांची. जुन्या जागेचं 'सुशोभीकरण' करणाऱ्यांची.

आपल्या पंचक्रोशीतलं कुठलंही जुनं देऊळ डोळ्यासमोर आणा. काळ्या दगडावर ऑइलपेंट. पोपटी, नाहीतर गुलाबी. गाभाऱ्यात बाथरूमची टाइल. वीरगळ उचलून पारावर उलटा टाकलेला, त्यावर बसून पोरं मोबाइल बघतात. सतीशिळेला शेंदूर फासून तिची मरीआई केलेली. शिलालेखावर सिमेंटचा हात. पुढं स्टीलचं रेलिंग, मोठी कमान, आणि कमानीवर कुणाच्या निधीतून हे झालं त्याची ग्रॅनाइटची पाटी. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी कोण मेला ते पुसलं आणि सात महिन्यांपूर्वी कुणी नारळ फोडला ते कोरलं! यात कुणा एका पक्षाचं नाव घेत नाही. सगळे सारखेच आहेत, आणि टाळ्या वाजवणारे आपण आहोत. मीही वर्गणी दिलेली आहे.

माहुलीत नदी आपली आपण झीज करतेच. पाणी चढलं की ती या समाध्यांवरून जाते. २०१९ चा आणि २०२१ चा पूर आपण कराडात बघितलाय, वेगळं सांगायला नको. पण नदीनं झिजवलेला दगड वाचता येतो. आपण प्लास्टर केलेला नाही येत.

२०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली. मीही पोरांना घेऊन रांगेत होतो. धक्काबुक्की करून दोन मिनिटं बघितली, फोटो काढले, वडापाव खाल्ला, परत आलो. तेव्हा डोक्यात आलं नाही, पण नंतर आलं. त्या संग्रहालयापासून माहुली पाच किलोमीटर. रांगेतल्या किती जणांनी गाडी तिकडं वळवली? मी नव्हती वळवली. मी गेलो ते पुढच्या उन्हाळ्यात, एका नातेवाइकाच्या दहाव्याला. विधी चालू असताना एका कॉलेजच्या पोराला विचारलं, बाबा, शाहू महाराजांची समाधी कुठली? तो म्हणाला, 'कोल्हापूरला असंल की.' चूक त्याची नाही. त्याला दोन शाहू महाराज आहेत हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगणारी पाटीही त्याच्या डोळ्यासमोर कधी आली नव्हती.

आता कुणी म्हणेल, माहुली साताऱ्याची, आपला काय संबंध? मग मलकापुराचंच घेऊ.

सकाळी फिरायला निघता तेव्हा समोर आगाशिव दिसतो ना? त्याच्या पोटात साठेक लेणी आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपासची, बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली. आत स्तूप आहेत, झोपायचे ओटे आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत. तिथल्या एका लेखात गोपालाचा मुलगा संघमित्र यानं हे लेणं दान दिल्याचं लिहिलंय. आपल्या डोंगरावर लिहून ठेवलेलं ते माणसाचं नाव, आणि आगाशिवनगरात पंधरा-वीस वर्षं राहिलेल्या किती जणांना ते माहीत आहे? आपण वर जातो ते महादेवाला, श्रावणात, आणि वेफर्सची पाकिटं लेण्यात टाकून येतो.

कराड म्हणजे जुनं करहाटक. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भरहुत नावाच्या गावी एक मोठा स्तूप होता. त्याचे दगडी कठडे आज कलकत्त्याच्या संग्रहालयात आहेत. त्या कठड्यांवर कुणी कुणी काय दान दिलं ते लिहिलंय, आणि त्यात 'करहकट'च्या निगमाचं, म्हणजे व्यापारी वस्तीचं, दान आहे. कोकणातल्या कुडा लेण्यात करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्यानं लेणं दिल्याची नोंद आहे. भरहुतचा तो कठडा चिन शी हुआंग मेल्यानंतर शे-सव्वाशे वर्षांत उभा राहिलेला. म्हणजे त्या चिनी राजाच्या मातीच्या सैनिकांवरची माती नीट बसत होती तेव्हा आपल्या कृष्णा-कोयनेच्या काठावरचे लोक हजारभर किलोमीटरवर देणगी पाठवण्याइतके सुखवस्तू होते. 'आपल्याकडं काय सापडतच न्हाय' म्हणणाऱ्या मित्रा, ही तुझी माणसं.

आणि खाली कोल्हापूरला बघ. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात सातवाहन काळातली वस्ती लागली. सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. तिथून निघालेली ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती आज टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. रोमचा माल पंचगंगेपर्यंत येत होता. तो आपल्या घाटांतूनच चढला असणार, विमानानं नाही आला.

मग आपल्या पायाखाली काय आहे? इथं मला माझीच गोष्ट सांगायला लागते. सांगायला लाज वाटते, म्हणूनच इतकी वर्षं सांगितली नाही.

आमचं घर कोयनेच्या बाजूला बिगरशेती झालेल्या तुकड्यावर आहे. पाया काढताना जेसीबी सहा-सात फूट गेला आणि काळ्या मातीत खापऱ्या यायला लागल्या. लाल, पातळ, गुळगुळीत. मग एका कडेला विटांची ओळ लागली. आजच्यासारख्या विटा नव्हेत. हातभर लांब, चांगल्या जाड, एकाला दोन्ही हातांनी उचलायला लागेल अशा. ओळ सरळ होती, कुणीतरी रचलेली. गवंडी म्हणाला, 'दादा, कुणाला बोलू नका. खातं आलं की काम बंद. हप्ता तुम्हाला भरायचाय.' मी बँकेचा हप्ता मोजला. जेसीबीचा तासाचा दर मोजला. मुहूर्त मोजला. आणि म्हणालो, उचल.

तीन ट्रॉल्या भरून गेल्या. कुठं गेल्या तेही विचारलं नाही. कुणाच्या तरी रस्त्यात भराव म्हणून पडल्या असतील. एक वीट बायकोनं ठेवून घेतली, तुळशीच्या कुंडीखाली. ती अजून आहे.

दोन-तीन वर्षांनी या विषयातले एक जाणकार घरी आले होते. त्यांनी वीट उलटीपालटी केली, मापं घेतली आणि विचारलं, किती खोल होती? तिच्याबरोबर काय निघालं? वर राखेचा थर होता का? ओळ कुठल्या दिशेला जात होती? एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते काही बोलले नाहीत, चहा पिऊन गेले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कारण वीट एकटी काही सांगत नाही. ती कुठं होती, कशाच्या वर आणि कशाच्या खाली होती, तेच तिचं बोलणं. ते मी तीन ट्रॉल्यांत भरून पाठवलं. लिंतोंगच्या शेतकऱ्यांनी बाण भंगारात घातले असतील, पण तिथं दुसऱ्या कुणीतरी सायकल काढली. माझ्या प्लॉटवर सायकल काढायची पाळी माझीच होती.

आता काही जण उत्तराला बसले असतील, त्यांची नेहमीची वाक्यं मला पाठ आहेत.

एक : 'आधी रस्ते, गटारं करा, मग दगडधोंडे बघू.' अहो, चोवीस तास नळाला पाणी देणारं गाव म्हणून आपण मिरवतो ना? ते झालं कारण कुणीतरी मीटर बसवले, नोंद ठेवली, हिशेब धरला. मी मागतोय तेही नोंदीचंच काम आहे. त्याला कोटीचा निधी लागत नाही. खर्च होतो तो कमानीला.

दोन : 'चीनचं काय कौतुक सांगतो?' कौतुक नाही. तिथंही त्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, गावं हलली, आणि ज्यांनी विहीर खणली त्यांच्यातले काही पुढं संग्रहालयाच्या दुकानात बसून पुस्तकांवर सह्या करत होते. सगळा फायदा सगळ्यांना झाला असं कुणी सांगू नये. आपल्याकडं कुणाच्या शेतात काही निघालं तर त्याचं नुकसान होता कामा नये, हे मी त्या शेतकऱ्यांकडूनच शिकलो. आणि ज्याला चीनचा राग आहे त्यानं निदान त्यांचे व्हिडिओ पाठवणं बंद करावं.

तीन, आणि हे सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं : 'सरकारला सांगितलं की जागा जाते.' ही भीती कुणी घातली कुणास ठाऊक, आणि सगळी खोटी म्हणणार नाही मी. काम थांबतं, कागद फिरतात, माणूस टेकीला येतो, हा अनुभव लोकांना आहे. पण कायदा काय म्हणतो तेही ऐका. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेली वस्तू दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. वस्तू सरकारनं ठेवून घेतली तर तिच्यातल्या धातूची, मालाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मोजायचा असतो. लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कळवणाऱ्याला पैसे आणि लपवणाऱ्याला तुरुंग. आपण उलटंच धरून चाललोय. हां, दहा रुपयांचा हा आकडा इंग्रजांच्या काळचा आहे आणि खापरीला बाजारात दहा पैसेही येत नाहीत, त्यामुळं माझ्या पायातल्या खापऱ्या त्या कायद्यात बसल्या नसत्या. तिथंच तर गोम आहे. ज्याला किंमत नाही त्यातूनच सगळं कळतं, आणि त्याला विचारणारं कुणी नाही.

म्हणून मागणं आहे ते एवढंच. नगरपरिषदेनं बांधकाम परवान्याच्या कागदात एक ओळ वाढवावी : पाया खणताना खापऱ्या, विटांची ओळ, नाणं, कोरीव दगड लागला तर एका ठरलेल्या फोनवर कळवा. नुसतं कळवा. काम बंद करा असं नाही. कळवल्यावर दोन दिवसांत कुणीतरी येऊन फोटो, माप, खोली लिहून घेईल आणि जाईल. हे 'कुणीतरी' म्हणजे मोठा अधिकारीच पाहिजे असं नाही. आपल्या कराडात कॉलेजं आहेत, इतिहासाचे मास्तर आहेत, निवृत्त सर्व्हेअर आहेत ज्यांना घरात बसून कंटाळा आलाय. एक रजिस्टर घाला. महत्त्वाचं काही दिसलं तर राज्याच्या पुरातत्त्व खात्याला पाठवा. आणि मालकाला स्वच्छ लिहून द्या की तुझं काम अमुक दिवसांच्या वर अडणार नाही, अडलं तर भरपाई मिळेल. ते लिहून न देता लोकांकडून प्रामाणिकपणा मागू नका. माझ्याकडून मागितला असता तर मी दिला नसता, हे वर सांगितलंच आहे.

माहुलीसाठी साताऱ्याच्या मित्रांना हात जोडून विनंती आहे. तिथं कुठलाही निधी येऊ दे, आधी प्रत्येक समाधीचं मोजमाप करून नकाशा, फोटो, दगडावरचं कोरीवकाम, कागदात कुठं काय उल्लेख आहे ते एकत्र छापा. मग चुना की सिमेंट ते जाणकारांना ठरवू दे. जी समाधी कुणाची ते ठरलेलं नाही तिथं घाईनं पाटी लावू नका. रायगडावरची समाधी कुणी शोधून काढली, फुल्यांनी की टिळकांनी, यावर आपण अजून भांडतोय. ते भांडताना एकमेकांची जात काढतो. येसूबाईंच्या घुमटीचं श्रेय ज्यांचं त्यांना आजच नीट लिहून द्या, म्हणजे नातवंडांना भांडायला विषय उरणार नाही.

आणि आपल्या ग्रुपवाल्यांना. पाऱ्याच्या नदीचा व्हिडिओ पाठवा, माझी हरकत नाही, मीही बघतो. फक्त त्याच्याबरोबर आगाशिवाच्या एका लेण्याचा फोटो पाठवत जा, लेण्याचा नंबर घालून. सेल्फी नको, लेणं दिसू दे.

आमच्या शेजारच्या प्लॉटवर सोमवारी सकाळी आठला पाया खणायला जेसीबी येतोय. मालकाशी बोललोय. आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, 'काम न थांबवता उभं राहणार असशील तर रहा.' बाजूची भिंत माझ्याच घराची, म्हणजे ती विटांची ओळ पुढं गेली असेल तर त्यांच्याच हद्दीत निघेल. मी मीटरटेप, चुन्याची पुडी, वही आणि चार्ज केलेला मोबाइल घेऊन उभा आहे. कराडातल्या एका इतिहासाच्या मास्तरांनी येतो म्हणून कळवलंय, ढेबेवाडी फाट्यावरून मी त्यांना घेऊन येणार आहे. आणखी दोन माणसं मिळाली तर टेप धरायला बरं पडेल. ज्याला जमतंय त्यानं कमेंटमध्ये नाव टाका. चहा आमच्याकडं.